प्रणिताच्या दाढेचा मुहूर्त

आमच्या प्रणिताचं हसणं तुम्ही ऐकलेलं नाही, म्हणून आधी ते सांगते. अंबरपेठेत सत्यवतीअक्काचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी खाली चपला झटकत असायची, आणि वर स्वयंपाकघरात ही हसली की मला जिन्यातच कळायचं. आ वासून, मान मागे टाकून हसायची. पेरू चिरून दिलेला तिला आवडत नसे, अख्खा दातानं फोडायचा. मक्याचं कणीस, चिक्की, उसाचं कांडं, जे जे कडक ते तिचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिनं सगळ्यांसमोर ऊस दातानं सोलून दाखवला, तेव्हा अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रंजे, मी सून आणली का सुतार आणला?"

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. मी लग्न केलं नाही. विजेच्या ऑफिसात नोकरी केली, आता निवृत्त होऊन विद्यानगरला एकटी राहते. त्यामुळे घरातल्या कुठल्याही प्रश्नावर माझं मत ऐकून घेतलं जातं आणि बाजूला ठेवलं जातं. आमचं मूळ देगलूरकडचं. वडील शेती भावकीकडे सोपवून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. अक्काच्या सासरी पाइप आणि नळांचं दुकान, ते आता तिचा मुलगा अनिरुद्ध बघतो. प्रणिता नांदेडची. माझ्या घराजवळच एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात फोनवर चौकशा घेते. मराठी, हिंदी, तेलुगू, तिन्हींत तिचं तोंड अखंड चालू.

अक्काचं काय सांगू? तिच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं. एक मराठी, नांदेडहून मागवलेलं. दुसरं तेलुगू, शेजारणीनं दिलेलं. आपल्याकडची अमावास्या, पितृपंधरवडा तर पाळायचाच, वर शेजारणीचा रोजचा राहूकाळ, त्यांचा आषाढ, त्यांचं मौढ्यम म्हणजे गुरू-शुक्राचा अस्त, तेही पाळायचं. दोन्हीकडचे शुभ दिवस एकत्र करावेत, हे मात्र तिला कधी सुचलं नाही. तिच्या घरात तांदूळ संपत नाहीत, उदंड होतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घराबाहेर पडणारा कुणीही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि अक्काची सगळ्यात कडक शिस्त सुनेसाठी होती. कुणी विचारलं, "काय, काही गोड बातमी?" तर 'नाही' म्हणायचं नाही. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो म्हणे. "असेल", "बघू", "देवाची कृपा", काहीही म्हण, पण त्या प्रश्नाला 'नाही' नको. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न तिला दूधवालासुद्धा विचारायचा.

दाढेचं दुखणं पहिल्यांदा उपटलं ते थंडीत. डावीकडची खालची अक्कलदाढ. अंबरपेठेतच डॉक्टर शिल्पा म्हणून एक तरुण मुलगी दवाखाना चालवते. तिनं दाढेचा एक्स-रे फोटो काढून दाखवला. दाढ उभी न येता आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला टेकून, अर्धी हिरडीखाली. त्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न जाऊन पू झालेला. प्रणिताला वाटलं, आता काढतील आणि सुटका होईल. पण शिल्पानं हिरडी धुऊन दिली, गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "अभी नक्को. सूजन में सुन्न करने का इंजेक्शन ठीक से नहीं चढ़ता. पहले सूजन उतरने दो, फिर फौरन आ जाओ. बड़ी सुई, टाँके, सब हमारे सर्जन करते. वो मंगल और शनिचर को आते."

मंगळवार आणि शनिवार! अख्ख्या आठवड्यात अक्का ज्या दोन दिवशी नखंही कापू देत नाही, नेमके तेच. त्यातून मंगळवारी सर्जन यायचे ते बरोबर राहूकाळात. मला हसू आवरेना. प्रणिताही हसली, पण तोंड दोन बोटांवर उघडत नव्हतं, तेव्हा नुसतंच नाकातून.

गोळ्यांनी सूज उतरली. मग काय, दुखतच नाही तर घाई कसली? अनिरुद्ध चांगला मुलगा आहे, बायकोवर जीव आहे त्याचा, पण कुठल्याही गोष्टीत दुकानातलं गिऱ्हाईक सांभाळावं तसं आईला आणि बायकोला सांभाळतो. मला म्हणाला, "टेन्शन नको घेऊ मावशी, टॅबलेटनं सेट झालंय ते." अक्का म्हणाली, "दुखायलंय का आता? नाही ना? मग उगी चांगल्या तोंडात सुरी कशाला?" आणि महिनाभरानं दाढ पुन्हा उठली. पुन्हा शिल्पा, पुन्हा गोळ्या, पुन्हा "सूजन उतरने दो." या वेळी शिल्पानं जरा रागावूनच सांगितलं, की दुखतं तेव्हा येता आणि बरं वाटलं की पळता, असं करून ही दाढ कधीच निघणार नाही.

वार आणि राहूकाळ एवढंच असतं तर मी अक्काशी भांडून मिटवलं असतं. आयुष्यभर तेच केलंय. पण खरी गाठ दुसरीच होती. प्रणिता मुलासाठी उपचार घेत होती. तिचा महिना त्या उपचारांनी आणि अक्कानं मिळून वाटून घेतला होता. महिन्याच्या पहिल्या भागात पाळी, मग तपासण्या, मग गोळ्या, मग ते चार दिवस ज्यांत अनिरुद्धला दुकान लवकर बंद करायला लावायचं. आणि त्यापुढचे सगळे दिवस 'असेल' चे. असेल, म्हणून जड उचलायचं नाही. असेल, म्हणून पपई नाही. असेल, म्हणून दाढेचं इंजेक्शन नाही, कडक औषध नाही, फोटो तर नाहीच नाही. मग पाळी यायची, घर गप्प व्हायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. दाढेला या महिन्यात एक दिवस द्यायचा तर तो काढायचा कुठून? जो मोकळा निघायचा तो नेमका सोमवार नाहीतर गुरुवार असायचा. आणि चुकून सगळं जुळलंच, तर दाढ सुजलेली.

मी एकदा अक्काला फाडफाड बोलले. म्हणाले, "ती पोरगी आहे का गाभण म्हैस? तिच्या तोंडात पू आहे आणि तू तिथी बघत बसलीस." अक्का चिडली नाही, याचंच मला नवल वाटलं. ती भाजी निवडत होती, ती तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, "तुला आठवत नसेल. तू तेव्हा शाळेत होतीस. अनिरुद्धच्या आधी मला ताप आला होता. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मी घेतल्या. मला कुठं माहीत होतं, की दिवस गेलेत? आठ दिवसांत सगळं गेलं. माझी सासू मरेपर्यंत म्हणायची, गोळ्या खाऊन नातू घालवला. मला हिच्या कपाळी ते नकोय, रंजे." त्या गोळ्यांनीच तसं झालं असेल कशावरून, असं मी म्हणू शकले असते. पण तिचा चेहरा बघून मी तिच्या पुढ्यातली अर्धी भाजी ओढून निवडायला घेतली. माझ्या बहिणीचा मला त्या दिवशी फार कळवळा आला आणि तितकाच रागही आला.

तिसऱ्या वेळेला सूज उतरली तेव्हा मीच ठरवलं. अक्काला सांगायचं नाही, अनिरुद्धलाही नाही. मंगळवारी प्रणिता क्लासमधून लवकर निघाली, मी तिला रिक्षात घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. ती खुशीत होती. म्हणाली, "मावशी, दाढ गेली की आधी कणीस खाणार, लिंबू-तिखट चोपडून." खुर्चीत बसली. सर्जन उंच, शांत माणूस. हातमोजे घालताघालता त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. शुगर? नाही. बीपी? नाही. कुठल्या औषधाची ॲलर्जी? नाही. मग म्हणाले, "प्रेग्नंट तो नहीं हैं ना? कोई चान्स?"

प्रणिता खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं खरवडायला लागली.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. सर्जननी पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि तिच्या तोंडून आलं ते, "असेल. हो सकता है."

"अगं, नाही म्हण ना!" मी म्हणाले. तिनं नुसती मान हलवली. पाच वर्षांत तिनं तो शब्द त्या प्रश्नाला एकदाही दिला नव्हता. सरावानं म्हणा, भीतीनं म्हणा, आता सुरी समोर असतानाही तो तिच्या तोंडातून निघेना. आणि तिचंही खरंच होतं. 'असेल' चेच दिवस चालू होते.

सर्जन रागावले नाहीत. हातमोजे काढून म्हणाले, खाली मेडिकल आहे, टेस्ट आणा, पाच मिनिटांचं काम, मग सुरू करू. मी पर्स उचलली. प्रणितानं माझा पदर धरला. "नको मावशी. टेस्टवरची ती एकच रेघ मी किती वेळा बघितलीय, तुम्हाला नाही माहीत. आज ती बघायची आणि वर दाढ पण काढून घ्यायची, दोन्ही एका दिवशी नाही झेपणार मला." ती खुर्चीतून उतरली. रस्त्यावर मी तिला खूप बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "दुखत तर नाहीये ना आता." हे तिचं बोलणं नव्हतं, त्या घराचं होतं. पाच दिवसांनी पाळी आली. ती सरेपर्यंत पुढच्या महिन्याच्या गोळ्या सुरू करायची वेळ झाली होती.

मे महिन्यात दाढेनं सगळ्यांचा हिशेब मिटवला. मी दुपारी सहज गेले होते. जिन्यात काहीच आवाज नाही. वर गेले तर प्रणिता पलंगावर ताठ बसलेली. आडवं झालं की गुदमरायला होतंय म्हणून सकाळपासून तशीच. हनुवटीखाली, गळ्यापर्यंत सूज आली होती, आणि हात लावला तर दगडासारखी घट्ट. स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, मांडीवरच्या टॉवेलात टिपून घेत होती. अंग भाजत होतं. काही बोलायला गेली तर तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसं, एक अक्षर कळेना. शेजारी अक्का हळदीचा लेप ढवळत उभी. "कालपासून गोळी चालू आहे," ती म्हणाली, "पण अर्धीच देतेय. 'असेल' चे दिवस आहेत ना."

मी किती मोठ्यानं ओरडले ते आठवत नाही. लेपाची वाटी खाली पडली हे आठवतं. रिक्षावाल्यानं आरशात एकदा बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, इनकू सीधा बिठा के रखो, सुलाओ नक्को," आणि मग जी गाडी हाणली ती कुठल्याही सिग्नलला थांबवली नाही. अनिरुद्ध दुकानातून परस्पर हॉस्पिटलात आला. हाताला पाइपाचं ग्रीस तसंच. डॉक्टरांनी सांगितलं, दाढेतला पू खाली गळ्यात उतरलाय, श्वासाची वाट बंद व्हायच्या आत बाहेरून चीर देऊन तो काढावा लागेल, दाढही त्याच वेळी काढू. अनिरुद्ध मान हलवत राहिला.  अक्कानं पहिल्यांदाच वार विचारला नाही.

शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं. नर्स रिपोर्ट घेऊन आली आणि आमच्यासमोरच डॉक्टरांना म्हणाली, "प्रेग्नन्सी निगेटिव्ह."

अक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी प्रणिताकडे बघितलं. मला वाटलं, आता हिचं काय होईल? तिचा हात माझ्या हातात होता. दुपारपासून मुठीसारखा आवळलेला तो हात एकदम सैल पडला. तिनं डोळे मिटले, आणि त्या सुजलेल्या, एक बोटही न उघडणाऱ्या तोंडाच्या कडेला मला स्पष्ट हसू दिसलं. मग तिनं नर्सला दोन्ही हात जोडले. पोरगी तापात आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ती वाचली. गळ्याखाली टाक्यांची एक रेघ राहिली, तिच्यावर ती आता ओढणी घेते. बरेच दिवस पातळ भात आणि ताक. तोंड उघडावं म्हणून दिवसातून चारदा व्यायाम. एक बोट, दीड बोट, करत करत पावसाळ्यात ते तीन बोटांवर आलं. अक्का तर पार बदलून गेली. तेलुगू कॅलेंडर तिनं शेजारणीला परत देऊन टाकलं. प्रणिताला स्वतःच्या हातानं भरवायची, कुणी काही गोड बातमीचं विचारलं तर तिच्याआधी स्वतः उत्तर द्यायची, "पोरगी जिवानिशी वाचली, हीच बातमी." हे ऐकून मला बरं वाटलं. मला वाटलं, सुटली एकदाची.

मग शिल्पानं उजवीकडची दाढ दाखवली. तीही आडवी. डावीसारखीच अर्धी बाहेर, तिच्याही हिरडीखाली अन्न अडकतंय. अजून शांत आहे, तेवढ्यात काढून टाका, ती म्हणाली. दिवस गेल्यावर हिरड्या आधीच हुळहुळ्या होतात, तेव्हा ही उठली तर तुम्हालाही त्रास, आम्हालाही. उपचारवाल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. ती दाढ निघेपर्यंत मुलासाठीच्या गोळ्या बंद, तपासण्या बंद, सगळं बंद.

आता घरात कुणाचीच हरकत नव्हती. अक्का स्वतः शिल्पाकडे जाऊन वेळ घेऊन आली. "मंगळवार तर मंगळवार," म्हणाली, "मी येते सोबत." त्या मंगळवारी क्लासमध्ये प्रवेशांची गर्दी निघाली, प्रणिताला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या शनिवारी तिचं डोकं दुखत होतं. मग नांदेडहून तिची आई आली. मग गेली, तर प्रणिताला सर्दी झाली. अनिरुद्धनं एकदा दुकान बंद ठेवलं, तर ही ऐन वेळी म्हणाली, "आज नको हो, पुढच्या महिन्यात बघू." अक्का मला म्हणाली, "घाबरलीय गं पोर. एवढं सोसलंय तिनं. तू समजाव."

म्हणून एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी तिला घरी घेऊन आले. येताना गाडीवरून दोन भाजलेली कणसं घेतली. ती दाणे बोटांनी सोडवून डाव्या बाजूनं चावत होती. मी म्हणाले, "भीती वाटते का? या वेळी नुसती सुई आहे, दोन टाके, बाकी काही नाही."

"भीती नाही वाटत," ती म्हणाली.

"मग?"

तिनं कणसाची एक अख्खी ओळ सोडवून संपवली. "मावशी, हॉस्पिटलात नर्स निगेटिव्ह म्हणाली ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. इतकं, की मला माझीच लाज वाटली. आता कुणी गोळी देत नाही, तारीख विचारत नाही. अनिरुद्ध दुकानातून येतो, आम्ही टीव्ही बघतो, झोपतो. आई मला पपई देतात. हे सगळं त्या दाढेमुळे. ती काढली, की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा महिना सुरू." तिनं कणीस फिरवलं. "मला मूल हवंय की नाही, तेच मला कळेनासं झालंय. हे मी कुणाला सांगू? आईंना सांगू? अनिरुद्धला?"

"आणि उठली म्हणजे? पुन्हा गळ्यात उतरली म्हणजे?" माझा आवाज चढला. मला खरंच भीती वाटली. त्या टॉवेलासकट ती पलंगावर बसलेली मला दिसली.

प्रणितानं उजव्या गालावर हात ठेवला, जरा दाबून बघितला.

"अजून दुखत नाही," ती म्हणाली. "दुखायला लागली की जाईन."

दुखायला लागल्यावर डॉक्टर हात लावत नाहीत, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिनं पुढचा दाणा उचलला आणि डाव्या बाजूला नेला.